पंचफुलाचं ताट

परभणीच्या मुलींच्या वसतिगृहात मी स्वयंपाकाला होते. पोरी मला सरजामावशी म्हणत आणि माझ्या तोंडाला भीत. चाळीस पोरींना वाढून झालं की मी चुलीपाशी एकटीच जेवायची. माझ्याशी बोलत बसायला कुणाला वेळ होता?

प्रत्येक पोरीनं घरून आपलं ताट आणायचं आणि त्यावर नाव घातलेलं असायचं, अशी रीत होती. नाहीतर रोज भांडणं.

त्या वर्षी देवगाव फाट्याची पंचफुला दहावीला गणितात नापास झाली. मैत्रिणी कॉलेजात गेल्या, ही ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी लहान पोरींत राहिली. आई नव्हती. बापाचं पत्र दोन महिन्यांत आलं नव्हतं.

एका सोमवारी तिनं आपल्या रिबिनी वाटल्या, मग पेन, मग नवं पातळ. मी मूर्ख, सगळ्यांदेखत म्हणाले की पोरीचं मन मोठं झालं.

बुधवारी दुपारी पाचवीतली पोर पंचफुलाचं ताट घेऊन पंगतीला बसली. म्हणाली, ताईनं कायमचं दिलंय. माझ्या हातातली पळी थांबली. आपल्या नावाचं ताट कुणी देतं का?

आणि मला माझी लेक विमल आठवली. सहा वर्षांपूर्वी तिनंही बांगड्या वाटल्या होत्या. तेव्हाही मी शेजारणींना कौतुकानं सांगत सुटले होते, पोरगी शहाणी झाली. आठव्या दिवशी तिनं जीव दिला.

पंगत तशीच टाकून मी पळाले. पंचफुला खोलीत भिंतीकडं तोंड करून बसली होती. दार लावलं, शेजारी बसले. विचारावं की नको, असलं काही मनात येऊ दिलं नाही.

"पंचे, मरायचं मनात हाय का तुझ्या?"

तिनं तोंड माझ्याकडं वळवलं. मग म्हणाली, "हाय, मावशी. लय दिवसांपासून. मी कुणालाच नको हाय."

मी रागावले नाही. उपदेशही केला नाही. ती रडली, मी बसून राहिले. मग तिला घेऊनच रेक्टर कुसुमबाईंकडं गेले. बाईंनी तिच्या बापाला तार केली, उद्या डॉक्टरांकडं न्यायचं ठरवलं आणि तोवर तिला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, असं सगळ्या पोरींना बजावलं.

पाचवीतल्या पोरीला माझं ताट दिलं आणि पंचफुलाचं घासून पंचफुलापुढंच मांडलं. भाकरी वाढली. तिनं विचारलं, मला कसं कळलं? मी विमलचं सगळं सांगितलं. सहा वर्षांत हे पहिल्यांदाच कुणाला सांगत होते.

ऐकून तिनं भाकरी मोडली, अर्धी माझ्याकडं सारली.

"तुमी बी जेवा, मावशी."

असं मला विमलनंतर कुणी म्हटलं नव्हतं. आम्ही दोघी तिच्याच ताटात जेवलो.