कुरुळीची कांदाचाळ

तनुजाने चाकणच्या कंपनीतली नोकरी सोडली, तेव्हा दापोडीच्या घरात तिचे वडील जेवतानाही बोलेनासे झाले. तिला स्वतःचं काम उभं करायचं होतं. पहिलं काम दिलं कुरुळीच्या दादासाहेबांनी. त्यांची बहुतेक जमीन कारखान्यांत गेली होती. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी बंदिस्त कांदाचाळ बांधली होती. वेगवेगळ्या खोल्या, खोलीखोलीला पंखे.

तनुजाने प्रत्येक खोलीत एक छोटा कंट्रोलर बसवला. तो आतली उष्णता आणि ओल मोजायचा आणि एकाच लांब केबलवरून ऑफिसमधल्या मुख्य कंट्रोलरला कळवायचा. सगळे पंखे एकदम लावले तर डीपीवरचा फ्यूज उडायचा, म्हणून कोणत्या खोलीचे पंखे कधी चालू करायचे, हे तो मुख्य कंट्रोलर ठरवायचा. सगळी नोंद तनुजाच्या मोबाईलवर दिसायची. पहिल्या हंगामात कांदा असा टिकला, की दादासाहेब मार्केटात भेटेल त्याला सांगत सुटले. आजूबाजूचे शेतकरी चौकशी करू लागले. वडीलही बोलू लागले.

दुसऱ्या वर्षी श्रावणात झड लागली होती. तनुजा भोसरीत सामान घेत होती, तेव्हा दादासाहेबांचा फोन आला.

"पोरी, कडंच्या खोलीपाशी वास मारतोय. दार उघडून बघू का?"

तिने मोबाईलवर आकडे पाहिले. सगळ्या खोल्या ठीक होत्या.

"नका उघडू, काका. बाहेरची दमट हवा आत गेली तर चांगला कांदाही बिघडेल. एखाददुसरा नासला असेल. आकडे एकदम बरोबर आहेत."

मागून त्यांच्या बायकोचा, गोजाबाईंचा आवाज आला. काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. दादासाहेब त्यांना म्हणाले, "अगं, तिला दिसतंय की तिथनं."

पुढच्या आठवड्यात दारांखालून नासक्या कांद्याचं पाणी वाहू लागलं.

तनुजा पोचली तेव्हा मजूर नाकाला फडकी बांधून काळा पडलेला कांदा पाट्यांनी बाहेर काढत होते. कडेच्या खोलीतल्या कंट्रोलरमध्ये ओल शिरली होती. तो अडकला होता आणि केबल धरून बसला होता. एकाने केबल अशी अडवली की बाकीच्या कुणालाच बोलता येत नाही. मुख्य कंट्रोलरला नवे आकडे मिळेनात, म्हणून तो शेवटचेच दाखवत राहिला. उत्तर आलं नाही तर काय करायचं, हे तनुजाने प्रोग्राममध्ये लिहिलंच नव्हतं. बंद असलेले पंखे बंदच राहिले.

मोबाईलवरची रेघ सरळ होती. हवा इतकी स्थिर कधीच राहत नाही. दादासाहेबांचा फोन आला त्या दिवशीही रेघ अशीच होती, आणि तिला वाटलं होतं, काय छान चाललंय.

"दुरुस्त हुईल का?" दादासाहेबांनी विचारलं.

"होईल, काका. प्रत्येक खोली आपापले पंखे चालवेल, असं करून देते. एक बंद पडला तरी बाकीचे..."

"कांद्याचं इचारतोय मी."

तिने नकारार्थी मान हलवली.

गोजाबाई पाटी रिकामी करून आल्या. "त्या दिशी दार उघडलं असतं तर?"

"बराचसा वाचला असता," तनुजा म्हणाली.

गोजाबाईंनी ते ऐकून घेतलं आणि पाटी उचलून परत आत गेल्या. दादासाहेब रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "तेवढे तुझे कंट्रोलरचे डबे काढून ने. भिंती धुवायच्या हायत."

तिने डबे काढले. घरी टेबलावर सगळे पुन्हा जोडून प्रोग्राम नव्याने लिहिला. मुद्दाम एकेक तार उपटून पाहिली. आता एक गप्प झाला तर बाकीचे लगेच ओरडत होते, आपापलं काम करत होते. तिने दादासाहेबांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, की चाळ खोक्यांच्या गोदामाला भाड्याने दिली. चौकशी करणाऱ्यांपैकी आता कुणी फोन उचलत नव्हतं.

दिवाळीनंतर ती जुन्या कंपनीत परत लागली, या वेळी कंत्राटावर. वडील म्हणाले, "बरं झालं." तिने डबा भरला आणि शिफ्टला निघाली.