सगळ्या गावाची एकच खूण

अहमदपूरहून आलेली एसटी तांबरवाडीच्या फाट्यावर थांबायच्या आतच सिद्धम्मा उठून दाराशी आली होती.

"अव्वा, गाडी थांबू दे की," कंडक्टर ओरडला. "फाटा काय पळून चाललाय?"

"फाटा न्हाई पळत रे. माझ्याच पोटात ऐकलेलं काही राहीना झालंय!"

काखेत गुंडाळलेला चित्रांचा तक्ता सांभाळत ती उतरली आणि झपाझप पाझर तलावाच्या कामाकडं निघाली. साठीला टेकलेली बाई, पण आज तिच्या पायात नव्या सुनेची लगबग होती. जन्मात पहिल्यांदा ती कुठल्या शिबिराला गेली होती. जिल्हा नवा होता. लातूर वेगळं झालं, कचेऱ्या थाटल्या, आणि त्यांच्या भिंतींचा चुना वाळतोय तोवर दुष्काळ दारात येऊन बसला. गावोगाव रोजगार हमीची कामं निघाली. आया मातीच्या पाट्या वाहायच्या आणि त्यांची लेकरं लिंबाखाली राहायची. तांबरवाडीच्या लिंबाखालची लेकरं सिद्धम्माच्या हवाली होती. लेकराला तहान लागू नये, विंचू डसू नये, ते खड्ड्यात पडू नये, एवढं बघितलं की राखण झाली असं ती आजवर धरून चालली होती.

अहमदपूरच्या शिबिरात लातूरहून आलेल्या बाईंनी ते धरून चालणंच मोडून टाकलं. बाई म्हणाल्या, "दुष्काळात माणसं गाव सोडतात, अनोळखी माणसं गावात येतात. कुणी म्हणतं मी मामा, कुणी म्हणतं मी काका. लेकरू घेऊन जातात, आणि मग ते लेकरू कुठं परगावी भांडी घासत असतं हे आईला कळतसुद्धा न्हाई." पण नुसतं भिववून बाई थांबल्या नाहीत. काय करायचं ते त्यांनी सांगितलं, करून दाखवलं, सगळ्या बायकांकडून करून घेतलं. घरोघरची एक खूण ठरवायची, ती आई, लेकरू आणि राखणारीलाच ठाऊक. खूण सांगेल त्याच्याच हाती लेकरू द्यायचं. लेकराला मोठ्या माणसालाही नको म्हणायला शिकवायचं. घाबरलं की बेंबीच्या देठापासून ओरडायला शिकवायचं. आणि लेकरानं काही सांगितलं तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवायचा, रागवायचं नाही, खोदून खोदून विचारायचं नाही. सरळ तालुक्याला बाईंच्या खोलीवर आणायचं. ती खोली दर बाजारच्या दिवशी उघडी असणार होती.

दुपारच्या सुट्टीत सिद्धम्मानं तक्ता लिंबाच्या बुंध्याला बांधला आणि बायकापुरुषांना गोळा केलं. सांगताना तिचा श्वास पुरेना. मुकादम मडिवाळप्पा भाकरीचा घास तोंडात धरून म्हणाला, "सिद्धम्मा, पोरं आता काय तिजोरीत ठेवून राहिलीस का?"

"तिजोरीतच ठेवते. तुझ्या नातवाला आधी! घरी तर तुम्ही त्याला कोंबडीसारखा मोकळा सोडता."

हशा पिकला. पण लोकांनी ऐकलं. नीलाबाई तर पुढं सरकून बसली होती. तिचा नवरा जनावरं घेऊन छावणीवर गेलेला, घरात ती आणि सहा वर्षांची रुद्राणी, दोघीच. "अव्वा, लई चांगलं सांगितलं," ती म्हणाली. "दिवसभर पाटी डोक्यावर आणि जीव लिंबाखाली असतो माझा."

मग सिद्धम्मानं एकेकीला कानात खूण सांगायला बोलावलं. पहिली आली, कानाशी लागली, म्हणाली, "बसवण्णा." दुसरी आली. "बसवण्णा." नीलाबाई आली. तीही "बसवण्णा." ओळ संपली तेव्हा सिद्धम्मा कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अगं बायांनो, हे कुलूप हाय का वेशीचं दार? सगळ्या गावाची एकच खूण?"

"मग लेकरू देवाच्या नावावर न सोडता कुणाच्या नावावर सोडावं?" चतुराबाई म्हणाली. ती बायकांत वडीलधारी. "दुसरं नाव घेतलं आणि काही वाईट झालं तर? देवाला सोडलं म्हणूनच झालं, असंच वाटेल की जन्मभर."

सिद्धम्मालाही मनातून ते पटत होतं. "बरं, उद्या बघू," म्हणून तिनं विषय सोडला आणि लेकरांकडं वळली. तिथं मात्र तिला जोर चढला. ज्वारी राखताना पाखरं हाकायला पोरं जशी आरोळी देतात, तशीच आरोळी तिनं त्यांच्याकडून घोटून घेतली. यंदा शिवारात ज्वारीच नव्हती. पोरांचे गळे रिकामे होते. "हाऽऽ होऽऽ!" करून त्यांनी असा काही गलका केला की बांधावरची गाढवं बिथरली आणि मडिवाळप्पा धावत आला.

"काय चाललंय? काम बंद पडंल ना!"

"शिबिर चाललंय," सिद्धम्मा म्हणाली. पोरं खदखदून हसली. रुद्राणीचा आवाज सगळ्यांत बारीक होता, पण तो सगळ्यांच्या वर जात होता.

आणि तो उद्या उजाडला. ऊन चढलं तेव्हा फाट्याकडून एक फटफटी आली. तिच्यावरून उतरलेला माणूस पांढऱ्या धोतरातला, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात गावकऱ्यांसारखंच लिंग. त्यानं हात जोडून वाकून "शरणार्थ" म्हटलं. सिद्धम्मानंही पदर सावरून "शरणार्थ" केलं.

"मी अण्णाराव. मुरुडचा. नीलाबाईच्या मालकाचा मावसभाऊ," तो म्हणाला. "तिकडं छावणीवर भाऊ लई आजारी हाय. नीलाबाई पुढं गेली. रुद्राणीला घेऊन या म्हणाली."

सिद्धम्मानं हळूच विचारलं, "खूण?"

तो हसला. "बसवण्णा."

खूण बरोबर होती. कपाळावर भस्म होतं, गळ्यात लिंग होतं, आणि गावात आलेल्या अशा माणसाला पाणी न देता, बसायला न सांगता उभं करायची रीत तांबरवाडीत नव्हती. सिद्धम्माचा हात आपसूक रुद्राणीच्या हाताकडं गेलासुद्धा. एवढा भला माणूस, नवरा आजारी, आणि आपण अडवायचं? उद्या नीलाबाई काय म्हणेल?

तेवढ्यात तिनं रुद्राणीकडं पाहिलं. पोरीनं तिच्या लुगड्याचा पदर मुठीत गच्च धरला होता. ती त्या माणसाकडं बघत नव्हती. सिद्धम्माकडं बघत होती. शिबिरातल्या बाईंचं बोलणं सिद्धम्माला आठवलं. खूण जुळली तरी लेकराच्या डोळ्यात एकदा बघा.

"रुद्राणी, हे कोण, ओळखतीस का?"

पोरीनं मान हलवली. न्हाई.

"लहान हाय, तिला काय कळतंय," माणूस म्हणाला. आता तो हसत नव्हता. "अव्वा, उशीर होऊन राहिला. माणूस मरणाच्या दारात हाय. देवाचं नाव सांगितलं, आणखी काय पाहिजे तुला?"

"नीलाबाई पाहिजे," सिद्धम्मा म्हणाली. "बांधाच्या पल्याड हाय का न्हाई, तेवढं बघते."

"सांगितलं ना, गेली म्हणून!" त्यानं पुढं होऊन रुद्राणीचा दंड धरला.

"पोरांनो," सिद्धम्मा ओरडली, "पाखरं हाका!"

लिंबाखालची सगळी लेकरं उठली. "हाऽऽ होऽऽ!" रांगणारं एक बाळ तेवढं दचकून रडायला लागलं, आणि त्याचाही आवाज त्यात मिसळला. रुद्राणीनं तर डोळे मिटून अशी आरोळी ठोकली की माणसानं तिचा दंडच सोडला. बांधावर पाट्या थांबल्या. पीकच नाही तर पाखरं कुठली? बायका धावल्या. खोरी घेऊन गडी धावले. सगळ्यांच्या पुढं, डोक्यावरची चुंबळ उडालेली, नीलाबाई.

नीलाबाई कुठंच गेलेली नव्हती.

माणूस फटफटीवर बसला. गडी पोचेपर्यंत त्यानं धूळ उडवली आणि तो फाट्याकडं पळाला. दोघे-तिघे मागं धावले, दगड फेकले, पण फटफटी ती फटफटी. नीलाबाईनं लेकीला छातीशी धरलं तेव्हा तिच्या हातांची माती पोरीच्या केसांत गेली. सिद्धम्मानं नवऱ्याच्या आजाराचा निरोप सांगितला, तरी तिनं त्याच्याबद्दल विचारलंसुद्धा नाही. संध्याकाळी छावणीवरून आलेल्या गड्यानं सांगितलं, तो धडधाकट हाय, बैलाला शिव्या देत बसलाय. पोलीस पाटील वर्दी घेऊन अहमदपूरला गेला, आणि बाईंच्या खोलीवरही निरोप गेला.

पण त्याआधी लिंबाखालीच प्रश्न उठला, त्या माणसाला खूण कळली कशी? सगळे एकमेकांना विचारत होते, तेव्हा मडिवाळप्पा खाली बसला.

"काल फाट्यावर चहा पिताना मीच सांगितलं," तो म्हणाला. "हसून हसून सांगितलं. आमच्या गावात खूण एकच, बसवण्णा, म्हणून. नीलाबाईचं, पोरीचं, छावणीचं, सगळं आलं बोलण्यात. फटफटी तिथंच उभी होती."

नीलाबाईनं त्याच्याकडं पाहिलं, मग नजर वळवली. चतुराबाईच पुढं आली. "ओझं देवाच्याच माथी टाकून बसलो आपण सगळे," ती म्हणाली. "सिद्धम्मा, आता तूच सांग. खूण कशी ठरवायची?"

सिद्धम्मा अजून धापा टाकत होती. पण तिच्या डोळ्यांत कालचंच तेज परत आलं होतं. "देवाला घरी ठेवा," ती म्हणाली, "तो कुठं जात न्हाई. खूण अशी ठेवा, की चारचौघांत सांगायची लाज वाटली पाहिजे. म्हणजे कुणी चहावर सांगणार न्हाई."

मग हसू फुटलं, आधी नीलाबाईला, रडता रडताच, आणि मग सगळ्यांना.

पुन्हा ओळ लागली. या वेळी कुणी मागं राहीना. चतुराबाई कानाशी लागली आणि सिद्धम्मानं तोंडावर हात दाबला. "खरंच?" चतुराबाईनं डोळे वटारले. नीलाबाई आली, काही सांगितलं, आणि रुद्राणी लाजून आईच्या मागं लपली. एकेक खूण ऐकताना सिद्धम्माचं पोट दुखायला लागलं. शेवटी नातवाची खूण द्यायला मडिवाळप्पा आला. इकडं तिकडं बघून त्यानं अगदी हळू आवाजात सांगितलं.

सिद्धम्मा मटकन खाली बसली. तिचे खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं.

"काय म्हणाला, काय म्हणाला?" बायका भोवती जमल्या.

"न्हाई सांगणार!" सिद्धम्मा ओरडली. "मेले तरी न्हाई सांगणार!"

"अक्का, निदान हसू तरी नको," मडिवाळप्पा हात जोडून म्हणाला. तशी ती आणखीच हसायला लागली.