पडद्यामागची पावलं

त्या सरकारी वस्तुसंग्रहालयात पाहुणा येणार असला, की सगळ्यात आधी पडदे हलत. पाहुणा धार्मिक असेल, तर 'माणूस कसा झाला' या दालनावर पडदा पडे. पाहुणा पुरोगामी असेल, तर देवमूर्तींच्या दालनाला कुलूप लागे आणि 'साफसफाई चालू आहे' अशी पाटी लटके. मागच्या सरकारच्या काळात मूर्तींची इतकी साफसफाई झाली, की त्या झिजायच्याच काय त्या बाकी होत्या. संग्रहालयाचे प्रमुख याला 'समतोल' म्हणत. साहेब स्वभावाने वाईट नव्हते. त्यांना फक्त फोनची घंटा सोसत नसे.

यंदा वर्धापनदिनाला शहरातले वयोवृद्ध प्रवचनकार येणार होते. नव्या सरकारातल्या पुढाऱ्यांनी फोनवर बजावलं, "त्यांना ते दालन खटकलं, तर कायमचं बंद करून टाका. लोकांच्या भावनांचा प्रश्न आहे."

"आपण पाहिलंय का ते दालन?" साहेबांनी चाचरत विचारलं.

"विरोध करायला बघावं कशाला लागतं?"

साहेबांनी दालन सांभाळणाऱ्या बाईंना बोलावून घेतलं. "बाई, उद्या पडदा."

प्रवचनकार बाईंचे सख्खे सासरे होते, आणि आपण नेमकं काय काम करतो हे त्यांनी घरी आजवर सांगितलं नव्हतं. 'जुने दगड सांभाळते,' एवढंच. सासरे प्रवचनात सांगत, माणूस एका दिवसात, हातापायांसकट, आजच्यासारखाच घडला. आणि सून दिवसभर शाळेच्या पोरांना नेमकं उलटं समजावत असे. पण याच सासऱ्यांनी लग्नानंतर तिला पुढे शिकायला लावलं होतं. तिच्या परीक्षेच्या दिवसांत तान्ह्या नातीला मांडीवर घेऊन त्यांनी प्रवचनं केली होती. अशा माणसाचं मन कसं मोडायचं?

संध्याकाळी चहा घेताना सासरे म्हणाले, "सूनबाई, उद्या तुझे दगड दाखवशील ना?"

"दगड काय बघायचे, बाबा!"

"दगड नाही गं. आपल्या घरातलं माणूस दिवसभर कशापुढे उभं असतं, ते बघावंसं वाटतं." मग कपाकडे बघत म्हणाले, "आज साखर रजेवर आहे वाटतं?"

ती साखर आणायला आत गेली आणि डबा हातात धरून तिथेच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी हार झाले, भाषणं झाली. साहेब पाहुण्यांना घेऊन नाणी, शस्त्रं, जुनी भांडी दाखवत निघाले आणि पडद्यापाशी आल्यावर त्यांची चाल एकदम वाढली.

"इथे काय आहे?"

"रंगकाम चालू आहे, महाराज."

प्रवचनकारांनी हवा हुंगली. "वास नाही येत. सूनबाई, तू सांग. काय आहे आत?"

साहेबांनी डोळे मिटून घेतले. खरं सांगावं तर दालन जाणार, लपवावं तर ज्यांनी शिकवलं त्यांच्याशीच खोटं! बाईंनी पुढे होऊन पडदा सारला.

"हे माझं काम आहे, बाबा. मी घरी सांगायला घाबरले."

आत जमिनीवर आफ्रिकेतल्या एका खडकाची राखाडी प्रतिकृती होती आणि तिच्यावर उमटलेल्या पावलांची रांग. "ज्वालामुखीच्या ओल्या राखेतून आपले फार जुने नातलग चालत गेले, त्यांची ही पावलं," बाई सांगू लागल्या. "पस्तीस लाखांहून जास्त वर्षं झाली. ते अजून आपल्यासारखे नव्हते. पण दोन पायांवर चालत होते."

म्हातारे काठी टेकत खाली वाकले. मोठ्या पावलांशेजारी लहान पावलं होती, लांबवर, सोबतीने गेलेली.

"हे लेकरू आहे?"

"असेल. किंवा लहानखुरी बाई असेल. माहीत नाही, बाबा."

"हात धरला असेल?"

"तेही माहीत नाही. पावलं हाताचं सांगत नाहीत."

साहेबांच्या खिशात फोन थरथरत होता, पण उचलायचं धाडस होईना.

"इतकं शिकलीस, आणि दोनदा 'माहीत नाही' म्हणालीस," प्रवचनकार हळूच म्हणाले.

"जे ठाऊक नाही ते ठाऊक आहे म्हणायचं नाही, हाच आमच्या कामाचा नियम आहे."

"आणि मी आयुष्यभर व्यासपीठावर बसलो, एकदाही तसं म्हणालो नाही!" त्यांचे डोळे भरून आले. मग ते साहेबांकडे वळले. "हा पडदा माझ्यासाठी लावलात? माझा देव या एवढ्याशा पावलांना घाबरेल असं वाटलं तुम्हाला? ज्या श्रद्धेला पडदा लागतो, ती आधीच आजारी आहे हो! आणि मूर्तींना कुलूप लावता म्हणे, तेही उघडा. लोकांना दोन्ही बघू द्या. भावना माझ्या आहेत. दुखल्या तर मी स्वतः सांगेन, मधे दलाल नको."

साहेबांनी खिशातून फोन काढला, घसा साफ केला आणि जन्मात पहिल्यांदा वरच्यांना सांगितलं, "दालन चालू राहील. आपण एकदा बघायला या ना, साहेब."

पुढच्याच प्रवचनात एका बाईने विचारलं, "महाराज, मग माणूस नक्की घडला कसा?"

म्हातारे म्हणाले, "कसा घडला, ते माझ्या सुनेला विचारा, तिने अभ्यास केलाय. कशासाठी घडला, ते मी शोधतोय. अजून पूर्ण माहीत नाही."

सभेतून कोणीही उठून गेलं नाही. उलट लोक थोडे पुढे सरकून बसले. मागे उभी असलेली सून तेवढी रडत होती.

मंडळी, माणसाच्या उगमाचा शोध कुणाच्या देवाचा शत्रू नाही, आणि कुणाच्या पक्षाचा कार्यकर्ताही नाही. शिकवायचं काय आणि झाकायचं काय, हे निवडणुकीच्या निकालावर ठरू लागलं, की पोरं अर्धीच शिकतात. तेव्हा आपल्या माणसांच्या श्रद्धेवर थोडा विश्वास ठेवू या. त्यांच्यापासून लपवू नये, त्यांना दाखवावं. आणि जे ठाऊक नाही ते नाही म्हणावं. त्याने माणूस लहान होत नाही, घर मात्र मोठं होतं.