हर्नडनच्या घरातला संशयित

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. झाकणावर ओरखडे आहेत, एक कळ जोर लावूनच दाबावी लागते, आणि ज्या ज्या घरात गेलो, तिथे लोकांनी माझ्याकडे संशयानेच पाहिलं.

जन्म कारखान्यातला; तो काही आठवत नाही. आठवतं ते अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या एका सरकारी ऑनलाइन शाळेचं गोदाम. तिथून मला खोक्यात घालून मुलांच्या घरी पाठवत, वर्ष संपलं की परत बोलावत. असा फिरत फिरत मी हर्नडनला सुमंत आणि रत्नाच्या अपार्टमेंटमध्ये पोचलो.

सुमंत आयटीत. रत्ना नागपूरला शाळेत विज्ञान शिकवायची. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, नोकरीची परवानगी नाही, म्हणून घरी. त्यांची रुही पाचवीत. ती बोलताना अडखळे. आधीच्या शाळेतली मुलं तिची नक्कल करू लागली, तेव्हा तिनं वर्गात तोंड उघडणंच सोडलं. म्हणून ही ऑनलाइन शाळा, आणि म्हणून मी.

रत्नानं मला उघडलं आणि कपाळाची टिकली काढून माझ्या कॅमेऱ्यावर चिकटवली. "काय काय बघत असेल मेला, कोण जाणे," ती म्हणाली. वर्गापुरती टिकली निघे. वर्ग सुटला की पुन्हा बसे.

तिचा संशय अगदीच खोटा नव्हता. रुही माझ्यासमोर किती वेळ बसते, हे मी शाळेला कळवत असे. एकदा ती खिडकीबाहेरचा लाल पक्षी बघत राहिली, तर लगेच मेसेज आला : विद्यार्थिनी जागेवर नाही.

रत्ना भडकली. "हे तिला शिकवतायत का तिच्यावर पाळत ठेवतायत? आणि वर्गात नुसती शांतता असते. मी किचनमधून ऐकते ना! त्या बाई काही शिकवतच नाहीत. त्यापेक्षा समोरच्या घरातली रीमा करते तसं होमस्कूलिंग करू. पुस्तकं आपली, वेळ आपला. मी शिकवते."

"रीमाचं वेगळं आहे यार," सुमंत म्हणाला. "आपण व्हिसावर. उद्या परत जावं लागलं तर ॲडमिशनला शाळेचा दाखला मागतील. तो कोण देणार, तू?"

मग दोघं एकमेकांवरही संशय घेऊ लागले. त्याला वाटे, हिला आपला सुटलेला वर्ग परत हवाय. तिला वाटे, ह्याला मुलीपेक्षा कागद मोठे.

त्या शांततेचं खरं कारण मला ठाऊक होतं, मित्रांनो. मिसेस हॉलिस प्रश्न विचारत, रुही माइक सुरू करी आणि पहिल्याच शब्दावर अडे. बाई कॉफीचा मग हातात धरून थांबत. सगळा वर्ग थांबे. वाक्य पूर्ण झालं की मगच बाई मान हलवत. पण हे मी सांगणार कसं? आणि माझ्यावर विश्वास कोण ठेवणार?

वसंताच्या सुट्टीत रत्नानं घरीच शिकवून पाहिलं. ओल्या कापसावर मूग घातले, पोळीचे तुकडे करून अपूर्णांक शिकवले. रुही खळखळून हसत होती. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? पण एक गोष्ट खटकत होती. रुहीनं "फो... फो..." म्हणायचा अवकाश, की रत्ना आनंदानं म्हणे, "फोटोसिंथेसिस! शाब्बास!" आणि रुही गप्प होई.

सुट्टी संपता संपता रत्ना माझं खोकं घेऊन आली. "हा जाऊ दे परत." तिनं माझी वायर गुंडाळायला घेतली.

रुहीनं माझ्यावर दोन्ही हात ठेवले. "आई, लेट मी फि... फि..."

"फिनिश? काय फिनिश करायचंय, राजा?"

रुहीचे डोळे भरले. तिनं जोरजोरात नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा सुरुवात केली. रत्नाचे ओठ हलले. सुमंतनं हळूच तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती थांबली.

"यू... यू फिनिश माय सेंटेन्सेस, आई. मिसेस हॉलिस वे... वे... वेट करतात."

रत्ना वायर हातात धरून तशीच खुर्चीवर बसली. "आणि मला वाटत होतं, त्या काही शिकवतच नाहीत," ती एवढंच म्हणाली.

खोकं परत कपाटात गेलं. दुसऱ्या दिवसापासून रत्ना रुहीच्या शेजारी बसून वर्ग ऐकू लागली. थांबणं तिला फार जड गेलं. कधी पदर, कधी ओढणी तोंडात धरून ती बसे. पण शिकली.

जूनमध्ये सुमंतनं विचारलं, "रुही, पुढच्या वर्षी काय करायचं?" तिनं बराच वेळ घेतला. कुणी मध्ये बोललं नाही.

"आ... आईकडे शिकायचंय," ती म्हणाली.

सुमंत दाखल्याबद्दल काही बोलणार होता. त्यानं ते गिळलं. रत्ना रडली. मीही रडलो असतो, पण आमच्या जातीला पाण्याची भीती.

आता मी पुन्हा गोदामात आहे. उद्या कुणाच्या घरी जाईन, माहीत नाही. तिथेही माझ्यावर संशय घेतील. खुशाल घेऊ देत. मला मऊ फडक्यानं पुसा, पाण्यापासून जपा, एवढीच विनंती. आणि मित्रांनो, तुमच्या शेजारी कुणी बोलता बोलता अडलं, तर जरा दम धरा. त्याचं वाक्य त्यालाच पुरं करू द्या.