आदण उतरवायची वेळ

सांगलीच्या दवाखान्यात सलाईन सुरू करण्याआधी एक इंजेक्शन देतात. त्यानं पाव तासात पापण्या जड होतात. केमोच्या खुर्चीला सगळे भितात. मी मात्र, खोटं कशाला बोलू, पंधरा-पंधरा दिवस त्या खुर्चीची वाट बघायचो. तिथल्या झोपेत मला माझी बोटं परत मिळायची.

मी आकाराम. कराडजवळच्या आमच्या गावात तीस हंगाम गुळव्या म्हणून काम केलं. गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, उकळत असतो. त्या एका काहिलीभर रसाला आदण म्हणतात. पाक तयार झाला, आता उतरवा, हे सांगणारा तो गुळव्या. त्याच्याकडं घड्याळ नसतं. भाजू नये म्हणून बोटं गार पाण्यात बुडवायची, पाकाचा थेंब उचलायचा आणि चिमटीत गोळी करायची. मऊ लागली तर थांबायचं, ताठ लागली की हाळी द्यायची. लवकर उतरवलं तर ढेप बसत नाही, उशीर झाला तर गूळ करपतो. माझ्या हातून तीस वर्षांत दोनच आदणं बिघडली. त्यातलं एक लग्नाच्या आदल्या दिवशीचं आहे, ते मी धरत नाही.

गेल्या पावसाळ्यात अपेंडिक्स काढलं आणि त्यात कॅन्सर निघाला. तिथंही कॅन्सर होतो हे आमच्या गावात कुणाच्या कानावरही नव्हतं. "लाखात एखाद्याला होतो," असं प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या. त्या माझ्या डॉक्टर. बाहेर आल्यावर माझी बायको अंजना म्हणाली, "एवढ्या लाखात तुमीच बरं घावला." ती हसली नाही, मीही हसलो नाही, पण दोघांना जरा बरं वाटलं.

औषधं दोन होती. एक खुर्चीत बसून घ्यायचं. दुसरं छातीजवळ अडकवलेल्या बाटलीतून दोन दिवस घरी चालायचं. असं बारा वेळा. पहिल्या औषधानं गार वस्तू सोसेना. पाण्याच्या तांब्याला हात लावला की करंट बसायचा. मग नुसत्याही मुंग्या यायला लागल्या. सातव्या वेळेनंतर मुंग्याही गेल्या आणि बोटांच्या शेंड्यांना काही कळेनासं झालं.

मॅडम दर वेळी विचारायच्या, "काका, शर्टाची बटणं स्वतः लावता ना?"

"व्हय की," मी म्हणायचो.

बटणं अंजना लावायची. छातीत नळी बसवली आहे, त्यामुळं हात वर उचलत नाही, अशी थाप मी तिला मारली होती. शेजारच्या खुर्चीतला कवठे महांकाळचा गुंडा मला म्हणाला होता, "बोटं मेली म्हणून सांगू नगा पावनं. औषध कमी करत्यात." ते मी मनात पक्कं धरलं. कच्चं उतरवलेलं आदण कसं होतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. बाराच्या बारा डोस घ्यायचे, पुरता जाळ द्यायचा, मग आजार परत येणार नाही, हा माझा हिशोब. मला जगायचं होतं. त्यापुढं दहा बोटं काय!

आणि बोटं झोपेत होतीच की. डोळे मिटले की खुर्ची हळूहळू खाली जायची, नर्सचा आवाज नदीपलीकडून आल्यासारखा यायचा. मग मी कृष्णेच्या घाटावर बसलेला असायचो, पाणी कोमट असायचं आणि त्यात हात घातला की एकेक बोट जागं व्हायचं. माझी लेक सोनिया तान्ही होऊन मांडीवर यायची. तिची नखं कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ, ती माझ्या अंगठ्याला टोचायची. बैलाचं ओलं नाक लागायचं. वाळू, सुतळी, अंजनाच्या कानामागचं मऊ कातडं, सगळं एकामागून एक हाताखाली यायचं आणि कशाचीच घाई नसायची. मी जागा झालो की हात मांडीवर तसेच पडलेले असायचे.

आठव्या वेळेनंतर तानाजीनं बोलावलं. तो गुऱ्हाळाचा मालक. "नुसतं बसा येऊन, आवं. तुमी नसला की काहील रुसती," म्हणाला. अंजना बरोबर आली. सकाळची वेळ होती. वाफ छपराखाली साठलेली होती आणि नवा गुळव्या नाथाजी पाकाकडं बघत उभा होता. वाफेत बसून मला गुंगी आली. आपण खुर्चीत आहोत की इथं, हे क्षणभर कळेना. नाथाजी जरा घुटमळला तसा मी उठलो. गार पाण्याला हात लावायची भीती, म्हणून पाणी टाळलं आणि पाक तसाच चिमटीत घेतला.

गोळी काहीच लागेना. मऊ नाही, ताठ नाही. मी ती वळत राहिलो.

"अजून न्हाई," मी म्हणालो.

नाथाजी माझ्या हाताकडं बघत होता. तानाजीही. अंजनानं धावत येऊन माझा हात बाजूला ओढला, तेव्हा दोन्ही बोटांची कातडी पाकाबरोबर निघून आली. मला दुखलं नाही. तिकडं ते आदणही करपलं.

पुढच्या वेळी मॅडमनी बटणांचं विचारलं आणि मी "व्हय की" म्हणायच्या आत अंजना बोलली. "मी लावते बटणं. ह्यांस्नी काय बी कळत न्हाई हाताला. पट्टी सोडून बघा." मॅडमनी पट्टी सोडली. बराच वेळ त्या माझ्या बोटांवर टोचून बघत होत्या. मग म्हणाल्या, "काका, हे आधीच सांगायचं होतं. बोटं बधिर करणारं औषध आता बंद. दुसरं चालू राहील. बोटं हळूहळू येतील, पण सगळी येतील असं मी सांगत नाही."

"बाराच्या बारा द्या," मी म्हणालो. "अर्ध्यात उतरवू नगा."

"आन् जास्त कढवल्यावर काय हुतं?" अंजना म्हणाली. "गुळव्या हाय न्हवं तुमी?"

त्या दिवशी सलाईन लहान होतं, आधीचं इंजेक्शनही नव्हतं. झोप आली नाही, घाटही आला नाही.

परतीच्या एस.टी.त आष्ट्यापर्यंत मी समोरच्या काचेतून रस्ता बघत बसलो. रस्त्याकडंला ऊस उभा होता, उन्हात पिवळा दिसत होता. रागानं माझं डोकं भणभणत होतं.

"माझं आयुष्य कमी केलंस तू," मी शेवटी म्हणालो.

ती खिडकीबाहेर बघत होती. "केलं असंल," ती म्हणाली. "मला बी भ्या वाटतंय. पर तुमी जळत हुता आन् तुमास्नी कळत नव्हतं. ते मी बघितलंय."

राग कुठं गेला ते कळलं नाही, नुसती भीती राहिली. ती भीती माझ्या एकट्याची आहे असं मी इतके महिने धरून चाललो होतो.

"हात तरी धर," मी म्हणालो.

"मघाधरनं धरलाय की," अंजना म्हणाली.

मी खाली बघितलं. तिच्या दोन्ही हातांत माझा हात होता, पट्टीसकट. डोळे मिटले असते तर मला तो दिसला नसता आणि कळलाही नसता. म्हणून कराड येईपर्यंत मी झोपलो नाही. बघत बसलो.