मी वाजलोच नाही तो दिवस

मी लिफ्टवाल्यांच्या टेबलावरचा फोन बोलतोय. आज कुणी नंबर फिरवलेला नाही. मला स्वतःलाच राहवत नाहीये!

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते तैवानच्या ह्वालिएन शहरातल्या या छोट्या ऑफिसात. इथली माणसं शहरभरच्या लिफ्ट दुरुस्त करतात. मी इंटरनेटवर चालणारा फोन. कुठला कॉल कुणाकडे जायचा, याचे नियम लांब कुठल्याशा संगणकात असतात. पण ते ठरले माझ्यासमोर, मी खोक्यातून निघालो त्याच दिवशी.

नियम बसवायला यू-थिंग नावाची तरुण इंजिनियर आली होती. मालक चिएन पातीच्या कांद्याची पोळी खात सांगत होते, "आधी स्वागताची टेप, माझ्या आजोबांनी ही कंपनी कशी काढली ते. मग नव्या लिफ्टसाठी एक दाबा, दुरुस्तीला दोन, बिलाला तीन. आत अडकला असाल तर चार."

"चार?" एकतीस वर्षं इथले फोन उचलणाऱ्या लान ताईंनी खुर्ची गर्रकन फिरवली. "अडकलेल्यानं आधी तुमचं कौतुक ऐकायचं?"

"अर्ध्या मिनिटाचं तर आहे, ताई."

ताई उठल्या. मालकांच्या हातात मोबाईल कोंबला, त्यांना झाडूच्या कपाटात ढकललं आणि दार लावलं. "आता लावा फोन!"

थोड्याच वेळात आतून धपाधप आवाज. "ताई, उघडा हो! ही टेपमधली बाई अजून माझ्या आजोबांपाशीच आहे!"

यू-थिंगनं हसत हसत नियमांचा कागद फाडला आणि नवा घेतला. लिफ्टमधल्या बटणावरून आलेला कॉल थेट माझ्याकडे, स्वागतबिगत काही नाही. दहा सेकंदांत कुणी उचललं नाही, तर तिन्ही मेकॅनिकचे मोबाईल एकदम वाजणार.

"आणि हाच मेला तर?" ताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"मरतोय कशाला? नवाकोरा आहे," मालक म्हणाले.

"भूकंपाला कळतं का ते?"

मग आणखी एक नियम झाला. मी बंद पडलो, तर कॉल क्षणभरही न थांबता मोबाईलवर जाणार. त्या यादीत ताईंनी स्वतःचाही नंबर घालायला लावला.

"तुम्ही कुठे मेकॅनिक?" मालकांनी विचारलं.

"मेकॅनिक शिडीवर असतो. माणसाशी बोलायला कुणी नको?"

चार महिने मी मजेत वाजलो. आणि एका सकाळी जमीन हादरली. कपाटं सरकली, मी टेबलावरून खाली आदळलो, वीज गेली. माझा पडदा काळा झाला. या क्षणी कुणीतरी बटण दाबत असेल आणि मी असा मुका!

तेवढ्यात ताईंच्या पिशवीत मोबाईल वाजला. तिन्ही मेकॅनिक आधीच दुसऱ्या कॉलवर होते.

"बोला आजोबा, ऐकतेय मी. कुठली इमारत? सोबत कोण, नात? बाळ, नाव काय तुझं?" दुसऱ्या हातानं ताईंनी पत्ता लिहून मालकांपुढे धरला. एकेकाळी स्वतः मेकॅनिक असलेल्या मालकांनी लिफ्टचं दार उघडायची किल्ली उचलली आणि स्कूटरवर पळाले.

"दार ओढायचं नाही हं. खाली बसा दोघं. तुझ्या शाळेत काल डब्याला काय होतं गं? शी, कारलं?" चाळीस मिनिटं! ताईंचा आवाज एकदाही कापला नाही. पण टेबलाखालून मला दिसत होतं, मोकळ्या हातानं त्यांनी खुर्चीची कड घट्ट धरून ठेवली होती.

मग मोबाईलमधून मालक ओरडले, "ताई, बाहेर निघाली दोघं!"

ताई मटकन माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि हमसून रडल्या. त्या दिवशी मी वाजलोच नाही. तरी इतका आनंद मला वाजूनही कधी झालेला नाही!

आता माझ्या एका कोपऱ्याला चिकटपट्टी आहे. पुढेमागे माझ्या जागी दुसरा येईल. येऊ दे. एवढंच मागणं आहे, तुमच्या ऑफिसात असे नियम ठरतील, तेव्हा रोज फोन उचलणारीला आधी विचारा.

बरं, थांबतो. आठव्या मजल्यावर अडकलेल्या लिफ्टमधून कुणीतरी बोलावतंय. ताई, उचला!