करंजपाड्याच्या रस्त्याची फाईल

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. हसू नका! झाडानं, नदीनं, फाटक्या छत्रीनं आपली कहाणी सांगितली की तुम्ही मान डोलावून ऐकता, मग फाईलनंच काय घोडं मारलंय? माझा पुठ्ठा आता मऊ पडला आहे. एका कोपऱ्याला उंदरानं दात लावले आहेत आणि पोटावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. तो डाग ग्रामसेवक भाऊसाहेबांची कृपा. तरी माझ्यावरची अक्षरं अजून वाचता येतात : 'मौजे करंजपाडा, फाटा ते गाव रस्ता रुंदीकरण व एसटी वळण जागा, अनुदान प्रस्ताव.'

माझा जन्म भिवंडीतल्या एका अरुंद गल्लीत झाला. शेजारी रात्रंदिवस कापडाचे लूम धडधडत असत. मला बांधायची पांढरी नाडीसुद्धा तिथलीच विणलेली. पुठ्ठे कापणारे एक म्हातारे चाचा होते. माझी घडी घालताना ते बाजूच्या कारागिराला म्हणाले, "ठीक से मोड़, भाई. इसमें किसी का काम जाएगा." ते वाक्य मी जन्मभर जपलं. कोणाचं तरी काम माझ्या पोटात असणार, याचा मला फार अभिमान वाटला. बाई गं, कसला तो अभिमान!

पडघ्याच्या बाजारात एका वह्यापुस्तकांच्या दुकानात मी महिनाभर पडून होते. माझ्या काही बहिणी वकिलाकडे गेल्या, काही शाळेत गेल्या. एका दुपारी स्कूटीवरून एक तरुण बाई आली. ही करिष्मा, करंजपाड्याची सरपंच. तिनं सगळ्या फायली चाचपून पाहिल्या आणि मला उचललं. "हीच द्या. मजबूत दिसतेय. लांबचा प्रवास आहे तिला," ती दुकानदाराला म्हणाली. मी तर हरखूनच गेले.

करंजपाडा फाट्यापासून तीन किलोमीटर आत आहे. फाट्यापर्यंत एसटी येते, पण गावात येत नाही. वाटेत एक काटकोनी वळण आहे. तिथं मोठी गाडी वळत नाही आणि गावात तिला परत फिरवायला जागा नाही. त्यातच रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामं उभी राहिली. कंटेनर रांगेनं उभे असतात आणि शाळा-कॉलेजची पोरं त्यांच्यामधून चालत फाटा गाठतात. आत पडलेल्या अशा गावांचे रस्ते एसटीच्या लायकीचे करायला राज्य सरकारची एक अनुदान योजना निघाली होती. करिष्मानं ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, अर्ज करायचाच.

माझं पोट भरू लागलं. नकाशा आला, वळणाचे फोटो आले, एसटीचं पत्र आलं. अर्ज कोणी लिहिला माहीत आहे? सुकन्यानं. ती अकरावीत होती, पडघ्याला कॉलेजात जायची. तिचं अक्षर इतकं देखणं होतं की भाऊसाहेब म्हणाले, "हे टाईप नको करू या, असंच जाऊ दे." त्यात तिनं स्वतःच्या मनानं एक ओळ घातली होती : 'आम्ही तेवीस मुले रोज गाड्यांच्या मधून चालतो, आणि माझी आजी मला सोडायला येते, कारण तिला भीती वाटते.'

ही आजी म्हणजे गुणाबाई. सगळं गाव तिला आक्का म्हणतं. नवरा वारल्यावर ती मुलाला घेऊन माहेरी, करंजपाड्यालाच येऊन राहिली. आता मुलगा हरेश भिवंडीत लूमवर शिफ्ट करतो आणि सुकन्या ही त्याची मुलगी. आक्का रोज सकाळी डोक्यावर भाजीची पाटी घेऊन नातीबरोबर फाट्यापर्यंत चालायची. कंटेनर दिसला की पोरीला आतल्या अंगाला घ्यायची आणि स्वतः बाहेरून चालायची.

मग ग्रामसभा झाली. वळणावरची जागा ज्याच्या शेतातून जाणार होती तो तुळशीराम, आक्काचा धाकटा भाऊ. तो उठला आणि छाती पुढं काढून म्हणाला, "रस्त्याला जागा मी देतो. लिवा, भाऊसाहेब!" टाळ्यांचा कडकडाट झाला. नारळ फुटला. बायकांच्या बाजूला आक्का बसली होती. पहिली टाळी तिचीच होती. मी टेबलावरून सगळं पाहत होते. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस होता.

मी ठाण्याला गेले. किती टेबलं फिरले, किती शिक्के झेलले, ते सांगत बसत नाही. फायलींनी स्वतःचं कौतुक करू नये. दिवाळीच्या तोंडावर मी परत आले ती पोटात एक त्रुटीचं पत्र घेऊन. 'सदर शेताच्या सातबाऱ्यावर सहहिस्सेदार श्रीमती गुणाबाई यांचे नाव आहे. त्यांचे संमतीपत्र जोडलेले नाही. पंधरा दिवसांत पूर्तता करावी.'

एवढंच! एका सहीचं काम. करिष्मा तर हसलीच. "काका, आक्कांची सही हवीय. मी आत्ता जाऊन आणते."

तुळशीरामचा चेहरा उतरला. "नको पोरी, तू नको जाऊस. भाऊ-बहिनीची गोष्ट हाय. मी आनतो."

आमच्या भागात भावानं बहिणीपुढं जमिनीचा कागद ठेवणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं. गोदामांमुळे जमिनी विकायला लागल्या तसे भाऊ बहिणींना साडी नेसवून भिवंडीला नोंदणीच्या कार्यालयात नेऊ लागले. तिथं त्यांचा अंगठा घ्यायचा, की बहिणीचा हक्क सुटला. सहा वर्षांपूर्वी तुळशीरामनंही वरच्या शेतासाठी असाच आक्काचा अंगठा घेतला होता. ती एका शब्दानं बोलली नव्हती. परत येताना फक्त अंगठ्याची शाई पदराला पुसत राहिली होती. तिला वाटलं, आता आपलं नाव कुठंच उरलं नाही. पण वळणावरच्या शेतावर ते राहून गेलं होतं, आणि हे फक्त तुळशीरामला ठाऊक होतं. मला हे कसं कळलं म्हणाल, तर त्यानं त्या दिवशी मला घरी नेलं आणि बायकोजवळ सगळं बोलून दाखवलं. "कुठल्या तोंडानं मागू?" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

मला काखेत मारून तो तीनदा आक्काच्या घरी गेला. तीनदा चहा पिऊन परत आला. पंधरावा दिवस नेमका भाऊबीजेचा. त्या दिवशी त्यानं मला बाहेर ओट्यावर, आपल्या चपलांच्या शेजारी ठेवलं आणि आत गेला. आतून निरांजनाच्या ताटाचा आवाज आला. आक्कानं ओवाळलं. त्यानं ताटात साडी ठेवली. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. माग की रे बाबा! एक शब्द तर बोलायचाय!

बाहेर पोचवायला आलेल्या आक्कानं मला पाहिलं. "काय रं तुळश्या, यो कागद कसला?"

"पंचायतीचा हाय."

"रस्त्याचा का? होतंय ना काम? पोरीचे पाय सुजतात रं चालून."

"होतंय, होतंय," तो म्हणाला आणि मला उचलून निघाला.

भाऊबीजेला भाऊ बहिणीला द्यायला जातो. त्याच ताटासमोर जमीन कशी मागायची, असं त्याला वाटलं असेल. इथपर्यंत मी त्याला माफही केलं असतं. पण तिथून तो सरळ करिष्माकडे गेला आणि खाली मान घालून म्हणाला, "आक्का तयार न्हाय. तिला काय बोलू नका कोनी. मानूस हाय, फिरला मन."

करिष्मानं हातातलं पेन खाली ठेवलं. "आक्का? आक्का नाही म्हणाल्या?"

मी ओरडत होते, पण फाईलचं ओरडणं कोणाला ऐकू येतं?

मुदत गेली. पुढच्या वर्षी ती योजनाच बंद झाली. माझी नाडी आवळून मला कपाटात टाकलं गेलं. कपाटातून मला सगळं ऐकू यायचं. पाण्याचा नळ कार्यालयाच्या अंगणातच आहे. आक्का हंडा घेऊन आली की बायकांची बडबड बंद व्हायची. ती गेली की कोणीतरी म्हणायचं, "टाळी वाजवायला पुढं, सही द्यायला मागं!" तुळशीरामनं विनवलं होतं म्हणून तिच्या तोंडावर कोणी काही बोललं नाही. एकदा तिनं विचारलंही, "काय गो, मी काय वाईट केला तुमचा?" बायकांनी तोंडं फिरवली. हंडा भरायच्या आधीच उचलून ती गेली. त्या दिवशी मला खूप रडू आलं.

मग एका सकाळी भाऊसाहेब बातमी घेऊन धावत आले. पुढं निघालेल्या कंटेनरच्या कडीत सुकन्याची ओढणी अडकली होती. पोर दहा पावलं फरपटली. आक्कानं ओढणी दातानं फाडली म्हणून जीव वाचला, पण पोरीचा हात मोडला. हरेश शिफ्ट सोडून आला आणि म्हणाला, "बस झाला कॉलेज." सुकन्याची बारावी राहिली ती राहिलीच.

ती अठरा वर्षांची झाल्यावर पुन्हा कार्यालयात आली. गोदामात पॅकिंगचं काम मिळत होतं, त्यासाठी रहिवासी दाखला हवा होता. दाखल्यावर सही करता करता करिष्माला राहवलं नाही. "तुझ्या आजीनं तेव्हा सही दिली असती ना सुकन्या, तर तू आज कॉलेजात असतीस."

"कसली सही?"

करिष्मानं कपाट उघडलं. धूळ झटकून मला सुकन्याच्या हातात दिलं. पोरीनं उभ्या उभ्या ते त्रुटीचं पत्र वाचलं, स्वतःचा अर्जही वाचला आणि मला छातीशी धरून घरी पळाली.

आक्का ओट्यावर भाजी निवडत होती. सुकन्यानं एकेक कागद वाचून दाखवला. आक्का भाजी निवडतच ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "म्हंजी माझा नाव होता अजून त्या शेतावर?" आणि थोड्या वेळानं, "मना कोनी इचारलाच न्हाय गो."

मग तिनं पदराला हात पुसले आणि पेन मागितलं. मित्रांनो, त्या शाईच्या अंगठ्यानंतर आक्का नातीकडून सही शिकली होती. पुन्हा कोणी कागद आणला तर अंगठा द्यायचा नाही, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. माझ्या पोटातलं, त्रुटीच्या पत्रासोबत आलेलं कोरं संमतीपत्र तिनं गुडघ्यावर घेतलं आणि एकेक अक्षर थांबून थांबून काढलं : गुणाबाई. 'ई'वरचा रफार विसरली म्हणून परत जाऊन दिला.

मला घेऊन ती भावाच्या घरी गेली. तुळशीराम बाजेवर बसला होता. तिनं मला त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं सही पाहिली आणि तोंड झाकून घेतलं.

"तुळश्या, भाऊबीजेला आलास तवा मागायचा व्हता ना रं," ती म्हणाली. "मी न्हाय बोलली असती का? पोरीची वाट व्हती ती."

"आक्का, मार मला. लाज वाटली गं."

"मना पन लाज वाटली. नळावर दोन वरसं." तिनं पदर सावरला. मग म्हणाली, "जाऊ दे. आता सही केली हाय मी. दे करिष्माला. आता गाडी येल ना?"

तुळशीराम माझी नाडी बांधू लागला. योजना बंद झाल्याचं दोघांनीही तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला पंचायतीत आणलं आणि नळावरच्या सगळ्या बायकांसमोर सांगितलं की आक्का कधी नाही म्हणालीच नव्हती, खोटं मी बोललो. बायका आक्काच्या घरी गेल्या, तिचे हात धरले. ते बरं झालं. पण योजना बंद ती बंदच आहे. करिष्मा दर महिन्याला वर विचारते, नवी योजना निघाल्याचं कोणी सांगत नाही.

आता मी कपाटात नाही, करिष्माच्या टेबलावर असते. खिडकीतून वळण दिसतं. गोदामाची लहानशी व्हॅन रोज सकाळी गावात येते. ती त्या वळणावर सहज वळते आणि सुकन्याला घेऊन जाते. नात गेली की आक्का खिडकीशी येते. "करिष्मा, कागद पोचला का गो वर?"

"पोचलाय, आक्का. येईल उत्तर."

करिष्मा वाईट नाही. तिला तिचं मन मोडवत नाही, एवढंच. तुळशीरामलाही मोडवत नव्हतं. मी इथंच टेबलावर पडलेली असते, तिच्यापासून हातभर अंतरावर, पोटात तिची सही घेऊन. तिला वाचता येत असतं तर माझ्यावरचं नाव वाचून तिला कळलं असतं, की कागद वर गेलेलाच नाही.

मित्रांनो, मला ओव्या नकोत, हार नकोत. मला उंदरांपासून जपा, हेही मी मागत नाही. एकच मागते. माणसाला विचारायची लाज वाटली तरी विचारा, पण त्याच्या वतीनं त्याचं 'नाही' तुम्ही सांगू नका. आणि कधी करंजपाड्याला आलात, तर फाट्यावरून तीन किलोमीटर चालावं लागेल, कंटेनर सांभाळून या. खिडकीशी उभी असलेली म्हातारी तुम्हाला विचारील, गाडी कधी येल रं? तिला कोणी वेळेवर विचारलं नाही. तुम्ही तिला निदान खरं सांगा.